हवेत काही नको

१२ ऑक्टोबर

भिंती उभ्या राहिल्या. आता गिलावा सुरू व्हायच्या आत सगळे पाइप भिंतीत गेले पाहिजेत, नाहीतर पुन्हा तोडफोड. मिस्त्रीची घाई. "साहेब, माझी माणसं बसून आहेत." बसू देत.

आयुष्यभर लोकांच्या ऑफिसांतून नेटवर्कच्या तारा ओढल्या. बँका, दवाखाने, कारखाने. डोळे मिटून करायचं काम. आणि आज स्वतःच्या घराचा नकाशा पुढ्यात घेऊन बसलो तर पेन्सिल चालेना.

अट एकच आहे, बायकोची. "मी येईन तिथे राहायला. पण त्या घरात हवेत काही नको." म्हणजे वाय-फाय नको. अजिबात नको. जे असेल ते तारेतून. गेल्या वर्षापासून ती तिच्या वडिलांकडे राहते. भांडून गेली नाही. आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये वरून, खालून, शेजारून, सगळ्यांचं वाय-फाय शिरतं. तिथे तिचा डोळ्याला डोळा लागत नव्हता. म्हणून तर वस्तीपासून लांब हा प्लॉट घेतला. शेजार नाही, भाजी आणायची तर गाडी काढावी लागते. चालेल. ती यायला हवी.

कारण एकदाच लिहून ठेवतो, पुन्हा लिहिणार नाही. जुन्या घरात राउटर मुलींच्या खोलीबाहेरच्या भिंतीला होता. मीच लावला होता. घराचा मध्य तिथे येत होता, सगळीकडे सारखी रेंज मिळायची. भिंतीच्या पलीकडे धाकटीच्या पलंगाची उशी. ठकूची. ती सात वर्षांची असताना रक्ताच्या कॅन्सरने गेली. राउटरचा आणि त्याचा काही संबंध नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, एकदा नाही, विचारलं तितक्या वेळा. काही संबंध नाही. मला पटलेलं आहे. बायकोला नाही.

१४ ऑक्टोबर

नकाशा झाला. जिन्याखाली एक कपाट, सगळ्या तारा तिथून निघणार. प्रत्येक खोलीत दोन पॉइंट, हॉलमध्ये चार, स्वयंपाकघरात एक. बायकोच्या टेबलापाशी तीन. ती शाळेत गणित शिकवते, संध्याकाळी घरी बसून पेपर तपासते, कॉम्प्युटरवर धडे बनवते.

वायरमनने कागद उलटासुलटा करून बघितला.

"साहेब, घर आहे का टेलिफोनचं ऑफिस? हॉलमध्ये एक राउटर टांगा ना, विषय संपला."

"वाय-फाय लावायचं नाही."

"का हो?"

"मालकीणबाईंना नको."

"मग राहिलं," म्हणाला आणि पाइप कापायला बसला. एवढ्यावर प्रश्न मिटला याचं बरं वाटलं. खरं कारण सांगावं लागलं असतं तर तोही माझ्याकडे तसाच बघत राहिला असता, जसे बाकीचे बघतात.

१८ ऑक्टोबर

थोरली साइटवर आली होती, कॉलेजमधून परस्पर. ती माझ्याकडे राहते, शनिवार-रविवार आईकडे. दोन घरांत विभागलेली पोर, पण तक्रार अशी नाही. टोमणे मात्र भरपूर.

"बाबा, भिंतीत इतकी भोकं आणि मोबाइलला वाय-फाय कुठूनच नाही?"

"छोटा जोड मिळतो. मोबाइललाही तार लावता येते."

"म्हणजे दावणीला बांधल्यासारखं बसायचं. वा!"

तिची खोली दाखवली. पलंग कुठे म्हणाली. खिडकीकडे, म्हणालो. पॉइंट समोरच्या भिंतीत. ती थोडा वेळ दोन्ही भिंतींकडे बघत होती. "पलंगाच्या बाजूला एकही वायर नाही?" नाही म्हणालो, खिडकीकडे उजेड चांगला येतो. तिने मान हलवली आणि जिना चढून गच्चीवर गेली.

२३ ऑक्टोबर

ताईचा फोन. तिला कुणीतरी सांगितलं. थोरलीनेच सांगितलं असणार, आत्याशी सगळं बोलते ती.

"तू तिच्या वेडाला खतपाणी घालतोयस. तिला डॉक्टरकडे ने, वायरमनकडे काय नेतोस?"

वेड म्हणू नको, असं म्हणालो. मग काय म्हणू, म्हणाली. तिने फोन आपटला.

ताईचं चुकत नाही हेच तर. मोबाइल बायकोला चालतो. वडिलांच्या घरासमोर टॉवर आहे, तो चालतो. फक्त घरातलं वाय-फाय चालत नाही. गणिताची बाई ही! एकदा हे तिला दाखवून दिलं तर म्हणाली, "मग सिद्ध करून दाखवा की नव्हता संबंध." नाही ते सिद्ध कसं करायचं? मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. तिने ती नीट घडी घालून परत दिली.

२५ ऑक्टोबर

हॉलच्या छतापर्यंत एक पाइप जादा नेला. रिकामा. आत नुसती दोरी, वर एक डबा. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, वायरमन सोडून.

माणसाचं मन बदलतं. वर्षा-दोन वर्षांनी ती निवळली, वाय-फाय लावा म्हणाली, तर भिंत फोडायला नको. दोरीला तार बांधायची, ओढायची, झालं. यात फसवणूक नाही. हे नियोजन आहे. कुणाच्याही कामात मी असाच एक पाइप जादा ठेवतो.

८ नोव्हेंबर

आज ती घर बघायला आली. पहिल्यांदाच. सासऱ्यांनी गाडीतून आणलं. उन्हं उतरत होती, सगळीकडे सिमेंटची धूळ, आणि ती पदर खोचून प्रत्येक खोलीत फिरली. ओट्याची उंची वितीने मोजली. "थोडा खाली घ्या, पोळ्या लाटताना खांदा दुखतो." मिस्त्रीला बोलावून लगेच खूण करायला लावली. तिच्या टेबलाच्या जागी उभी राहिली, खिडकीतून बाहेर बघितलं. काही दिसत नाही तिथून, माळ आणि चार बाभळी. "छान आहे," म्हणाली. ती एखाद्या गोष्टीला छान म्हणू शकते हे मी विसरलोच होतो.

मग हॉलमध्ये आली. वर बघितलं.

"तो डबा कसला?"

"धुराचा भोंगा बसवायचाय. आग-बिग लागली तर."

"स्वयंपाकघर तिकडे आहे."

मी काहीतरी बोलायला लागलो. तिने थांबवलं. "तुमच्याबरोबर संसार केलाय मी. ऑफिसांच्या छतात असले डबे कशाला असतात ते मला कळतं."

ओरडली असती तर बरं झालं असतं. पदर सोडला, झटकला, जाऊन गाडीत बसली. सासरे माझ्याकडे बघत राहिले, मग तेही गेले. वायरमन खाली मान घालून तारेचं भेंडोळं गुंडाळत होता.

९ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही. फोन केले. घेतला नाही.

११ नोव्हेंबर

डबा उपटला. पाइपात वरपासून खालपर्यंत सिमेंट भरलं, माझ्या हाताने. वायरमन म्हणाला, "अहो, नुसतं झाकण लावलं असतं की." त्याला काय सांगू.

सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, ती जेवते, शाळेत जाते, येते. तोंडाला कुलूप. तुम्ही तोंडावर नाही म्हणाला असता तर भांडली असती. भांडण परवडलं. खोटं बोलायला नको होतं." मी हो म्हणालो. ते कधी मला एवढंसुद्धा बोललेले नाहीत. फोन ठेवताना म्हणाले, "ती घर आवडलं म्हणत होती वाटेत. डबा बघायच्या आधी नाही, नंतर." हे मला सांगायची काय गरज होती?

२४ नोव्हेंबर

गिलावा झाला. तारा ओढायला सुरुवात. पाइपातून स्प्रिंग घालायची, पलीकडच्या टोकाला तार बांधायची, एकाने ढकलायची, एकाने ओढायची. विजेची तार वेगळ्या पाइपात, नेटची वेगळ्या. वळणावर हलका हात. ओढताना तारेला पीळ पडला तर बाहेरून दिसत नाही, पण पुढे जन्मभर ती तार त्रास देते.

काम चांगलं चाललंय. हात कामात असले की डोकं गप्प बसतं. कुणासाठी करतोय ते मात्र आता सांगता येत नाही. ती येणार आहे की नाही, कुणी सांगत नाही. मीही विचारत नाही.

१ डिसेंबर

आजचं नीट लिहून ठेवतो.

थोरलीला तारांच्या तपासणीसाठी साइटवर घेऊन गेलो होतो. तपासायचं यंत्र दोन तुकड्यांत असतं. एक तिच्या हातात, खोलीतल्या पॉइंटला लावायचं, दुसरं माझ्याकडे, जिन्याखाली. आठ दिवे ओळीने हिरवे लागले की तार चांगली. मी जिन्याखालून ओरडायचं, "लाव", तिने खोलीतून, "लावलं." हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, आईचं टेबल झालं. सगळं हिरवं. मग तिची खोली. लाव म्हणालो. उत्तर नाही. पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. बघायला गेलो.

पलंग ठेवायचा होता त्या जागी जमिनीवर बसली होती. यंत्राचा तुकडा मांडीवर.

"बाबा, माझा पलंगही त्याच भिंतीला होता."

मला आधी कळलंच नाही.

"ठकूची उशी या बाजूला, माझी त्या बाजूला. मधे हातभर अंतर. रात्री ती माझी चादर ओढायची. आईचं खरं असेल तर मग माझं काय?"

मी तिच्या शेजारी बसलो. तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. कॉलेजच्या वाटेवर एक लॅब आहे. प्रत्येक परीक्षा संपली की ती तिथे जाऊन रक्त तपासून येते. एकटी. मैत्रिणींना सांगते, दाताच्या डॉक्टरकडे जातेय. परीक्षेच्या आधी जात नाही, काही निघालं तर अभ्यास होणार नाही म्हणून.

"काय निघालं?"

"काही नाही. दर वेळी चांगलंच येतं. पण पुढच्या वेळी काय येईल ते कुणी सांगावं?"

आम्हाला का नाही सांगितलंस, म्हणालो.

"आईला सांगितलं असतं तर तिने हाय खाल्ली असती. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, काही संबंध नाही."

खरंच तेच म्हणणार होतो. ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं. तिला जवळ घेतलं. ती रडली नाही, मीच रडलो. इतकी वर्षं घरात दोन माणसं एकमेकांशी संबंध आहे, संबंध नाही म्हणून भांडत होती, आणि तिसरं माणूस त्याच भिंतीला टेकून झोपत होतं. आमच्यापैकी एकानेही त्या दुसऱ्या उशीचा विचार केला नाही.

तिच्या खोलीतली तार तपासायची राहिली.

३ डिसेंबर

बायकोला सांगायचं की नाही? थोरली म्हणते, नको. ताईला विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. एकदा खोटं बोलून काय झालं ते बघितलंय. सांगतो.

४ डिसेंबर

शाळा सुटायच्या वेळी सासऱ्यांकडे जाऊन बसलो. त्यांनी चहा केला आणि स्वतः फिरायला निघून गेले. ती आली, मला बघून चपला काढता काढता थांबली. डब्याबद्दल माफी मागितली. तिने हाताने नको म्हटलं. मग थोरलीचं सांगितलं.

ऐकून झाल्यावर म्हणाली, "रिपोर्ट कुठे आहेत?" मी थोरलीकडून मागून आणलेच होते. तिने टेबल पुसलं, तारखेप्रमाणे एकाखाली एक मांडले, लाल पेन घेऊन पेपर तपासल्यासारखे एकेक बघत गेली. प्रत्येक आकड्यावर बोट. शेवटच्या कागदावर बोट तसंच राहिलं.

"मी एकीला धरून बसले," म्हणाली, "आणि दुसरी एकटी जाऊन दंडात सुया टोचून घेत होती."

मग रडली. ठकू गेल्यानंतर ती रडली नव्हती, माझ्यासमोर तर नाहीच. मी खुर्चीवर बसून राहिलो. उठून जवळ जावं की नाही कळेना. शेवटी गेलो. तिने दूर लोटलं नाही.

निघताना विचारलं, येशील का घरी. "आधी तिला इकडे पाठवा," म्हणाली.

१२ डिसेंबर

थोरली आठवडाभर आईकडे. दोघी मिळून दवाखान्यात जाऊन आल्या. तिथल्या डॉक्टरबाईंनी थोरलीला तासभर बसवून सगळं समजावलं, आणि आता तपासण्या बंद म्हणून दरडावलं. थोरली फोनवर सांगत होती, "आई मला परत विचारत होती, नक्की कळलं ना तुला? मी म्हटलं, मला कळलं, तुला कळलं का? तर म्हणे, गप्प बस."

हसली. मीही हसलो.

५ जानेवारी

राहायला येऊन आठवडा झाला. तिघं.

काल सगळ्या खोक्यांत हरवलेली गाळणी सापडली आणि बायकोने मला शिव्या दिल्या, खोक्यावर नाव का नाही टाकलंस— नाही, टाकलंत, अशी मधेच सुधारली. चिडली की अरेतुरेवर येते. फार दिवसांनी आली.

घरात हवेत काही नाही. जिथे बसायचं तिथे तार. थोरली एक लांबलचक पिवळी तार खांद्यावर टाकून खोल्याखोल्यांतून फिरते. "सरका, मी येतेय, पाय अडकवून घेऊ नका." सासरे परवा आले होते, ते त्या तारेत अडकून पडता पडता वाचले.

बायको झोपते. शांत झोपते. मी बघतो मधून मधून.

१६ जानेवारी

सकाळी चहाच्या वेळी, थोरली कॉलेजला गेल्यावर, ती म्हणाली, "वाय-फाय लावा."

मी कप खाली ठेवला.

"पटलं म्हणून नाही. मला अजून भीती वाटते. तुम्हाला हसायचं तर हसा. पण काल थोरली हॉलमध्ये बसली होती, त्या तारेशी खेळत. मला म्हणाली, आई, तुला जोपर्यंत भीती वाटते तोपर्यंत मी कशी निर्धास्त राहू? बरोबर आहे तिचं. आपण घरभर तारा ओढल्या म्हणजे तिला रोज हेच सांगतोय की घाबर. तिला दिसलं पाहिजे की मी त्याच्याखाली बसून चहा पितेय."

हसलो नाही. बरं म्हणालो. जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. इतकी वर्षं हेच तर तिला समजावत होतो. ऑफिसला जाताना मात्र गाडी चालवताना हातांना घाम होता. ऊन वाढलंय.

२० जानेवारी

राउटर आणला. चांगल्यातला आणला.

२७ जानेवारी

वेळ झाला नाही. थोरली रोज विचारते.

३ फेब्रुवारी

जागा ठरत नाही. हॉलच्या मधल्या भिंतीला लावला तर पलीकडे थोरलीची खोली. पुढच्या भिंतीला लावला तर हिचं टेबल. वर लावला तर आमची खोली. या कामात माझा हात कुणी धरत नाही. नकाशा बघितला की पाच मिनिटांत जागा सांगतो मी लोकांना. इथे घराचा मध्य कुठेही धरला तरी पलीकडे कुणीतरी झोपतं.

९ फेब्रुवारी

थोरली: "बाबा, दुसऱ्यांच्या ऑफिसात एका दिवसात करतोस ना रे?"

तिला म्हणालो, राउटरमध्ये दोष निघालाय, बदलून आणायचाय. दोष काही नाही.

१५ फेब्रुवारी

रविवार. आज करायचंच म्हणून बसलो. जिन्याखालच्या कपाटात राउटर ठेवला, तार जोडली. बटण तेवढं दाबायचं राहिलं, आणि हात पुढे जाईना. किती वेळ तसाच उकिडवा बसलो होतो माहीत नाही. बायको मागे येऊन उभी राहिली.

"तुम्हालाही वाटतं?"

नाही म्हणणार होतो. "हो," म्हणालो.

"पहिल्यापासून?"

होय म्हणून मान हलवली.

"आणि इतकी वर्षं मला एकटीला वेडी ठरू दिलंत."

आवाज चढवला नाही. खाली बसली, माझा हात बाजूला केला आणि बटण तिने दाबलं.